रिकामी कुंडी

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मातीची एक उथळ कुंडी आहे. ईदला घरी येणारे पाहुणे शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन खिडकीशी उभे राहतात, कुंडीकडे बघतात आणि विचारतात, “यात काही लावायचं राहून गेलं वाटतं?” कुंडीत पांढरे खडे दिसतात आणि खड्यांच्या मधे वाळक्या कागदाच्या बारीक गोळ्या पडल्यासारखे सात ठिपके. गेली काही वर्षे रमजान ईद मार्च-एप्रिलात येते. तेव्हा तिकडे कोकणात उन्हाळा चढत असतो आणि इकडे केपटाउनात तो उतरत असतो. आमची रोपे त्या वेळी झोपलेली असतात. आम्ही म्हणतो, “लावलंय. २०२२ साली लावलंय.” पाहुणे हसतात, आम्हीही हसतो. खरी हकिगत ईदच्या दिवशी सांगण्यासारखी नाही, म्हणून ती इथे लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. एकाचा जन्म चिपळूणजवळच्या खेड्यातला, दुसरीचा इथला, केपटाउनचा. रत्नागिरी-कुलाब्याकडचे मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इकडे येत राहिले. पुढे वर्णद्वेषी राजवटीमुळे भारताने या देशाशी संबंध तोडले आणि येणे-जाणे अवघड झाले. १९९३ सालच्या नोव्हेंबरात ते संबंध पुन्हा जुळले आणि १९९५ साली आमचा निकाह झाला. तेव्हापासून आम्ही रायलँड्स या वस्तीत राहतो. घरात मराठी, कोकणी, उर्दू, इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशी सगळीच भाषा चालते. चहा पिताना कुठले वाक्य कुठे सुरू होऊन कुठे संपेल, सांगता येत नाही.

झाडांचे वेड दोघांनाही, पण हिशेब उलटे. कोकणातल्या माणसाला पाऊस म्हणजे जून. इथे पाऊस थंडीत, जून-जुलैच्या गारठ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पहिली दोन-तीन वर्षे तिकडून आलेल्याने जे जे पेरले ते चुकीच्या महिन्यात पेरले. केपटाउनच्या उत्तरेला, नामाक्वालँड आणि बुशमनलँडकडे गेले की पाऊस आणखी आटतो. तिथल्या माळांवर पांढऱ्या गारगोटीचा थर पसरलेला असतो आणि त्या गारगोट्यांत करंगळीच्या पेराएवढ्या वनस्पती दडलेल्या असतात. त्यांच्या कुळाला शास्त्रात कोनोफायटम म्हणतात. या कुळात शंभरावर जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या दक्षिण आफ्रिका व नामिबियाच्या कोरड्या पट्ट्यात आहेत. आफ्रिकान्समध्ये यांना टूंकीस म्हणतात, म्हणजे पायाची छोटी बोटे. दोन मांसल पाने एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की खोड नाही, फांदी नाही, नुसता एक गोळा. हिवाळ्यात तो पाणी पिऊन फुगतो. उन्हाळा आला की बाहेरचा गोळा वाळून त्याची कागदासारखी पापुद्री होते आणि आत नवा गोळा सावलीत बसून राहतो. पुढच्या पावसाळ्यात पापुद्री फाडून तो बाहेर येतो.

तिकडच्याला हे पटकन समजले. आमच्या कोकणातला कातळसडा मे महिन्यात बघावा, तर काळा दगड. तोच जुलैत बघावा, तर फुलांनी भरलेला. दगडात जीव झोपतो हे कातळावर गुरे चारलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

२०२१ सालची गोष्ट. कोरोनाची बंधने सैल झाली होती आणि रविवारचा बाजार पुन्हा भरू लागला होता. एका टेबलाच्या कडेला, जुन्या चपला आणि मोबाइलची कव्हरे यांच्या शेजारी, एका तरुणाने प्लास्टिकच्या खोक्यात टूंकीसचे झुबके मांडले होते. एकेका झुबक्यात तीस-चाळीस गोळे. रोपवाटिकेत असा झुबका आम्ही कधी पाहिला नव्हता. तिथे एका कुंडीत दोन-चार गोळे असतात आणि किंमत ऐकून आपण कुंडी खाली ठेवतो. इथे तो तीनशे रँड म्हणाला. आम्ही अडीचशे म्हणालो. त्याने दिला. त्याने हो म्हणायला इतका कमी वेळ घेतला, तेव्हाच काहीतरी खटकायला हवे होते. आम्ही त्याला काही विचारले नाही. आम्हाला स्वस्तात मिळाल्याचा आनंद झाला होता, आणि आनंदात माणूस सवाल करत नाही.

घरी आणून झुबका सुंदर कुंडीत लावला. आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. उभी हयात त्यांनी बागकामात घालवली. मुले-माणसे सगळे त्यांना ऊम म्हणतात. आफ्रिकान्समध्ये ऊम म्हणजे काका. आम्ही कौतुकाने त्यांना चहाला बोलावले आणि कुंडी समोर ठेवली. ऊमनी चष्मा लावला. कुंडी फिरवून बघितली. बोटाने माती बाजूला केली, मूळ बघितले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी आम्हाला दाखवले. झुबक्याच्या एका अंगाला गोळे भाजल्यासारखे तपकिरी होते, कारण त्या बाजूने वर्षानुवर्षे ऊन खाल्ले होते. खालच्या पापुद्र्यांचे थरावर थर होते. मुळाशी गारगोटीचे सहा-सात तुकडे अडकून बसले होते, आणि मूळ कापलेले नव्हते, तुटलेले होते. कुणीतरी लोखंडी सळईने ते फटीतून उचकटले होते. कुंडीत वाढवलेल्या रोपाची मुळे मोकळी असतात, दगड धरून ठेवत नाहीत. ऊम म्हणाले, “हे तुमच्या वयाचं असेल. टेकडीवरून आलंय.”

त्या दिवशी आम्हाला जे कळले ते आता जगजाहीर आहे. २०१९ सालापासून नॉर्दर्न केप आणि वेस्टर्न केप प्रांतांत या रोपांची चोरी भयंकर वाढली. परदेशातल्या हौशी लोकांना ती हवी असतात. कोरोनाच्या काळात घरी बसलेल्यांची हौस वाढली आणि प्रवास बंद असल्याने दलालांनी स्थानिक माणसांनाच उपटायला लावले. पोलिसांनी आणि वनस्पती-संरक्षण खात्याने पकडलेल्या रोपांची संख्या काही वर्षांतच दहा लाखांच्या वर गेली. ही फक्त पकडलेली. २०२२ साली सरकारला या चोरीविरुद्ध राष्ट्रीय पातळीवरचा आराखडा जाहीर करावा लागला. त्यातच दुष्काळाची लांबलचक वर्षे. काही जाती जगात एकाच टेकडीवर उगवतात. ती टेकडी दोन रात्रींत मोकळी होऊ शकते.

उपटणारी माणसे कोण? ज्या गावांत खाणीचे काम संपले, मेंढ्या पाण्यावाचून गेल्या, तिथली. त्यांच्या हातात येतात चार पैसे आणि तुरुंगात जाण्याची पाळीही पहिली त्यांचीच. पैसा वरच्या वर जातो. आम्ही घरात बसून त्या माणसांना शिव्या देऊ शकलो असतो. पण त्या साखळीत आम्हीही होतो. आम्हाला भूक नव्हती, कर्ज नव्हते. आमच्याकडे फक्त अडीचशे रँड होते आणि न विचारण्याची सवय होती.

“पोलिसात देऊ या का?” आमच्यातल्या एकाने विचारले. दुसरीने विचारले, “आणि पावती मागितली तर?” परवान्याशिवाय असे रोप घेणे हाही गुन्हाच. ऊम म्हणाले, देऊन टाका, सरकारी बागेत नेतील. आम्ही उद्या देऊ म्हणालो. ती उद्या आली नाही. हे लिहिताना अजून शरम वाटते, पण लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे.

आम्ही ऊमना म्हणालो, मग परत डोंगरावर लावून येऊ. ते म्हणाले, कुठल्या डोंगरावर? बाजारातल्या त्या तरुणालाही ते माहीत नसेल. आणि माहीत असले तरी चुकीच्या टेकडीवर लावले तर तिथल्या रोपांत परकी वाण मिसळते, कुंडीतली कीड आणि बुरशी माळावर जाते. म्हणूनच जप्त केलेली लाखो रोपे सरकारला परत लावता येत नाहीत. ती खोक्यांत, काचघरांत सांभाळावी लागतात, आणि त्यातली पुष्कळ मरतात.

हे ऐकून आमच्यातली जी इथली आहे ती उठून आत गेली. तिचे बालपण डिस्ट्रिक्ट सिक्समधले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ती वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या काही वर्षांत साठ हजारांवर माणसे तिथून हलवली. घरे बुलडोझरने पाडली. तिच्या अम्मीने निघताना अंगणातले लिंबाचे झाड मुळासकट खणून घेतले होते. रायलँड्सच्या रेताड जमिनीत ते एक उन्हाळाही टिकले नाही. अम्मी त्याबद्दल कधी बोलत नसे. फक्त बाजारात लिंबे घेताना प्रत्येक लिंबू नाकाला लावून बघायची आणि परत ठेवायची. माणसे आणि रोपे एक नव्हेत. माणसे दुसऱ्या जमिनीत रुजली, मशिदी बांधल्या, लेकरे शिकवली. तरी त्या संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, “आपल्या घरी असं उपटलेलं काही नको होतं.”

झुबका पुढच्या उन्हाळ्यात गेला. आम्ही पाणी कमी दिले, मग घाबरून जास्त दिले. तुटलेल्या मुळातून सड वर चढली. एकेक गोळा पिवळा पडून पाण्यासारखा फुटत गेला. शेवटी कुंडीत गारगोटीचे तुकडे तेवढे उरले. ते धुऊन एका डबीत ठेवले.

त्यानंतर ऊम एकदा संध्याकाळी आले. खिशातून कागदाची पुडी काढली. आत मिऱ्याएवढे एक तपकिरी बोंड होते, त्यांच्या स्वतःच्या कुंडीतल्या टूंकीसचे. त्यांनी ते बशीत ठेवले आणि चमच्याने पाण्याचा एक थेंब सोडला. “आता बघत बसा,” म्हणाले. काही मिनिटांत बोंडाचे दरवाजे उघडू लागले. एकामागून एक पाकळ्या मागे वळल्या आणि चांदणीसारखा आकार झाला. आत कप्पे, कप्प्यांत बी. पावसाचा थेंब आदळला की बी उडून आसपास पडते. पाणी सुकले की दरवाजे पुन्हा मिटतात आणि उरलेले बी पुढच्या पावसासाठी राहते. कोरड्यात बी सांडून उपयोग नाही, हे त्या एवढ्याशा बोंडाला माहीत. तासाभराने बशी कोरडी झाली तेव्हा बोंड खरोखरच मिटले होते. आमची मुलगी कॉलेजातून आली, तिला दाखवायला आम्ही पुन्हा थेंब टाकला.

ऊम म्हणाले, “रोप हवं असेल तर बियांपासून करा. विकत घेतलेल्या म्हाताऱ्या झाडात दुसऱ्याची वर्षं असतात. बियांत तुमची जातील.”

आम्ही परवाना असलेल्या रोपवाटिकेतून बी मागवले. पन्नास बियांची पुडी, सोबत पावती. जात निवडली कोनोफायटम बुर्गेरी. ही नॉर्दर्न केपमधल्या आखेनेस या खाणीच्या गावाजवळ एकाच टेकडीवर, गारगोट्यांत उगवते. अति धोक्यातल्या जातींत तिची गणना आहे. इतर टूंकीस झुबके करतात, ही बहुधा एकटी. वरची फट इतकी बारीक की दिसतच नाही. हिरवा, पारदर्शक, पाण्याच्या मोठ्या थेंबासारखा घुमट. ऊन लागले की लालसर होतो. इंग्रजीत तिला बर्गरचा कांदा म्हणतात. बर्गर हे इथले आडनाव, पण मुलगी म्हणाली, “बर्गर झाला, कांदा झाला, कबाब कुठंय?” घरात पुष्कळ दिवसांनी त्या कुंडीवरून कुणी हसले.

२०२२ चा एप्रिल, रमजानचा महिना. इथे पेरणी उन्हाळा सरल्यावर करायची. दिवसा वीस अंशांच्या आसपास आणि रात्री गारवा हवा. जाड वाळू आणि गारगोटीचा भरडा चाळून घेतला, धुतला, त्यात चाळलेल्या मातीची मूठ मिसळली. बुरशी मरावी म्हणून ते मिश्रण ओव्हनमध्ये अर्धा तास भाजले. त्याच ओव्हनमध्ये इफ्तारचे समोसे व्हायचे. दुपारी घरात भाजलेल्या मातीचा वास भरला, पहिल्या पावसाच्या वासाच्या जवळचा. चिपळूणचा माणूस रोज्याने सुकलेल्या तोंडाने ओव्हनशी उभा राहिला होता.

बी खसखशीहून बारीक. श्वास जोरात सोडला तर उडून जाईल. पांढरा कागद दुमडून त्याच्या घडीतून ते मातीवर टिचकीने सोडले. वरून माती टाकायची नाही. पाणी वरून घालायचे नाही, कुंडी पाण्याच्या ताटात ठेवायची आणि ओल खालून चढू द्यायची. मग वर काच. आठव्या दिवशी सेहरीनंतर टॉर्च लावून बघितले, तेव्हा मातीवर हिरवे टिंब दिसले. मोहरीच्या दाण्याहून लहान. दोन आठवड्यांत एकतीस टिंबे मोजली. रोज मोजायचो. रोज आकडा वेगळा यायचा, कारण डोळे दोघांचेही साठीकडे झुकलेले.

यानंतरचे वर्ष कमी होत जाण्याचे. काच उशिरा काढली, तेव्हा हिरवे शेवाळ चढले आणि पाच रोपे त्याखाली गेली. ओल्या मातीत बारीक काळ्या माशा झाल्या. त्यांच्या अळ्या कोवळे मूळ कुरतडतात. त्यात नऊ गेली. पण सगळ्यात मोठे नुकसान आम्ही आमच्या शहाणपणाने केले. मोठी टूंकीस उन्हाळ्यात कोरडी ठेवायची हे आम्ही शिकलो होतो, म्हणून डिसेंबरात पाणी बंद केले. पहिल्या वर्षाच्या पिल्लांच्या पोटात साठा नसतो. त्यांना उन्हाळ्यातही सावली आणि पंधरवड्यातून हलका फवारा लागतो. ऊमनी हे सांगितले तोवर आणखी दहा वाळली होती. एकतीसमधली सात राहिली.

ही सात मार्चमध्ये पांढरी कागदी पापुद्री पांघरून पडली होती. जिवंत की मेलेली, हे बाहेरून कळत नाही. बोटाने दाबून बघायचा मोह होतो आणि दाबले तर इजा होते. नुसते थांबायचे. मेच्या पहिल्या पावसानंतर एका पापुद्रीला चीर पडली आणि आतून काचेच्या मण्यासारखा हिरवा घुमट दिसला. मग दुसरी, तिसरी. सातही निघाले. आम्ही कुणाला फोन केला नाही. दोघांनी चहा केला आणि खिडकीशी उभे राहून प्यालो.

आता ती वाटाण्याएवढी झाली आहेत. फूल अजून आलेले नाही. गुलाबी-जांभळे येते म्हणतात, त्या न दिसणाऱ्या फटीतून. येईल तेव्हा येईल.

२०२४ साली एका ओळखीच्या गृहस्थांनी कुंडी पाहिली आणि दोन रोपे विकत मागितली. चांगली रक्कम सांगितली. आम्ही म्हणालो, पैसे नकोत, बी कुठे मिळते ते सांगतो, कसे पेरायचे तेही दाखवतो. ते म्हणाले, “चार वर्षं कोण थांबणार? मोठं कुठं मिळत असेल तर सांगा.” आम्ही त्यांच्यावर रागावू शकलो नाही. २०२१ साली बाजारात आम्ही त्याच वाक्यासाठी पैसे मोजले होते. आम्ही त्यांना बसवले, डबी आणून दाखवली आणि झुबक्याची सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकून घेऊन निघून गेले. पुढे त्यांनी काय केले, आम्हाला माहीत नाही.

चिपळूणहून आलेल्या भाच्याने विचारले, “मामू, एक घेऊन जाऊ का?” त्याला समजावले की कागदपत्रांशिवाय रोप देशाबाहेर नेता येत नाही, आणि नेले तरी कोकणच्या आषाढात ते दोन दिवसांत कुजेल. तो म्हणाला, “तुम्ही कसे नाही कुजलात इथे?” मामूला उत्तर सुचले नाही. मामी म्हणाली, “हा स्वतःच्या पायांनी आला होता.”

कधीतरी आमच्यातला एक म्हणतो की ही सात रोपे म्हणजे त्या झुबक्याचा कफ्फारा. दुसरी लगेच अडवते. कफ्फाऱ्याचे हिशेब ठरलेले असतात, ते आपण आपल्या सोयीने लावायचे नसतात. त्या टेकडीचे जे गेले ते गेले. खिडकीतल्या रोपांनी तिथे काही उगवणार नाही. ते खरेच आहे. आम्ही एवढेच शिकलो की आता कुठलीही वस्तू स्वस्त मिळाली की हात थांबतो आणि तोंडातून सवाल निघतो, ही कुठून आली?

ओट्याखालच्या खणात ती डबी अजून आहे. आत गारगोटीचे सात तुकडे आणि त्यांच्यावर घडी घालून ठेवलेली बियांची पावती. कुंडीत खडे कमी पडले होते तेव्हा हे तुकडे वापरावे असे मनात आले होते. वापरले नाहीत. ते कुणाच्या तरी टेकडीचे आहेत आणि ती टेकडी कुठली, हे सांगणारे आता कुणी नाही.